किटचं गिटार पेडल जोडलं, पण आवाज येत नाही: बिघाड शोधायचा क्रम

किटमधून जोडलेले बूस्टर, ओव्हरड्राइव्ह आणि फझ, म्हणजे गिटारचा आवाज मोठा किंवा फाटका करणारी पेडल्स, माझ्याकडे दुरुस्तीला येत असतात. आणणाऱ्याचं म्हणणं जवळपास ठरलेलं: "सगळं डायग्रामप्रमाणे लावलंय, तरी चालत नाही. सगळे जोड परत गरम करून पाहिले." यातलं शेवटचं वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. मूळ बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. पण सगळे जोड पुन्हा तापवताना एखादं पॅड (पार्टचा पाय जोडायचा बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उखडतं, फूटस्विचच्या आतलं प्लास्टिक मऊ होऊन पट्टी अडकते, आणि मग एकाचे तीन बिघाड होतात. म्हणून माझा आग्रह एकच आहे: बिघाड कुठे आहे हे कळेपर्यंत सोल्डरिंग आयर्नचा प्लग लावायचा नाही. शोधायला लागतात डोळे, एक स्वस्त मल्टिमीटर आणि थोडी शांतता.

खाली बोलतोय ते ९ व्होल्टवर चालणाऱ्या, ट्रू बायपास (इफेक्ट बंद असताना सिग्नल बोर्डाबाहेरून जातो) असलेल्या, साध्या पायांचे पार्ट असणाऱ्या किटबद्दल. शिकाऊ माणूस सुरुवातीला हेच घेतो, आणि घ्यावंही हेच.

आधी लक्षण ओळखा

"चालत नाही" म्हणजे नेमकं काय, हे कागदावर लिहून काढा. निम्मा शोध तिथेच संपतो.

बायपासमध्ये गिटार ऐकू येते, स्विच दाबला की एलईडी लागतो, पण आवाज गायब होतो. ही सर्वात जास्त येणारी तक्रार. पॉवर येते आहे आणि जॅक बरे आहेत, एवढं यातून कळतं. घोळ बोर्डावर आहे किंवा बोर्ड आणि स्विच यांच्यामधल्या वायरींत.

दोन्ही स्थितींत शांतता असेल तर बोर्डाचा विचारच करू नका. ट्रू बायपासमध्ये गिटारचा सिग्नल बोर्डाला वळसा घालून जातो. तोही पोहोचत नसेल तर बिघाड जॅक, फूटस्विच किंवा ग्राउंडच्या (सर्किटच्या सामाईक शून्य व्होल्टच्या) वायरीत आहे.

इफेक्ट चालतो पण एलईडी लागत नाही: एलईडी उलटा बसलाय. लांब पाय अधिकचा. पॉट (नॉबखालचा फिरवायचा रेझिस्टर) उलटा फिरतो, म्हणजे उजवीकडे नेलं की आवाज कमी होतो: पॉटच्या कडेच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. ही दोन्ही किरकोळ कामं.

आवाज येतो पण बारीक, फाटका, आणि स्वर विरताना तुटक होतो: एखाद्या ट्रान्झिस्टरला किंवा आयसीला योग्य व्होल्टेज मिळत नाहीये. चुकीचा रेझिस्टर किंवा उलटा ट्रान्झिस्टर ही नेहमीची कारणं.

टेबलावर चालतं, डब्यात बसवून झाकण लावलं की बंद: कशाचा तरी डब्याला स्पर्श होतोय. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण यात लोक विनाकारण पार्ट बदलत बसतात.

पेडल न उघडता करायच्या गोष्टी

गिटार, तीच केबल आणि अ‍ॅम्प थेट जोडून बघा. मग दुसरी केबल घेऊन बघा. हे सांगायची गरज पडू नये, पण पेडलसाठी दोन केबली लागतात आणि दुसरी बहुधा कुठेतरी पडून राहिलेली जुनी असते.

इनपुट आणि आउटपुटची अदलाबदल तपासा. पेडल पायासमोर ठेवल्यावर इनपुट उजव्या हाताला असतं. पण वायरिंग करताना डबा पालथा असतो, त्यामुळे डावं-उजवं फिरतं. जोडणाऱ्यानं डायग्राम कोणत्या बाजूनं काढलाय हे पाहिलं नसेल तर जॅक हमखास उलटे बसतात. दोन्ही केबली एकमेकांच्या जागी लावून पाहायला दहा सेकंद लागतात.

आता पॉवर. गिटार पेडलचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट डीसी आणि आतली पिन ऋण, बाहेरचं नळकांडं धन असा असतो. घरात राउटरसोबत आलेला किंवा दुकानातला सर्वसाधारण अ‍ॅडॉप्टर बहुधा याच्या बरोबर उलटा असतो आणि पिन मात्र तशीच बसते. अ‍ॅडॉप्टरवरचं छोटं चित्र बघा, आणि त्यावर विश्वास न ठेवता मीटरनं मोजा. १२ किंवा १८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर "चालून जाईल" म्हणून लावू नका. काही सर्किटमध्ये मॅक्स १०४४ सारखी व्होल्टेज दुप्पट किंवा उलटं करणारी चिप असते. तिची सहनशक्ती १० व्होल्टच्या आसपास संपते.

शंका असेल तर सरळ नवी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा. नवी अल्कलाइन बॅटरी साडेनऊच्या आसपास दाखवते. ८ च्या खाली असेल तर तिच्यावर चाचणी करू नका. बॅटरीनं हमचा प्रश्नही सुटतो का पाहा: बॅटरीवर शांत आणि अ‍ॅडॉप्टरवर गुणगुण, तर पेडल निर्दोष आहे, अ‍ॅडॉप्टर बदला. आणि बॅटरीवर चालवताना इनपुटमध्ये केबलची पिन घातलेली असायलाच हवी. इनपुटचा जॅक मुद्दाम स्टिरिओ दिलेला असतो, म्हणजे त्यात तीन संपर्क असतात: टोकाची टिप, मधली रिंग आणि ग्राउंडची स्लीव्ह. बॅटरीची ऋण वायर त्याच्या रिंगवर येते आणि मोनो पिन आत गेल्यावरच रिंग ग्राउंडला टेकते. म्हणजे जॅक हाच बॅटरीचा स्विच. पिन न घालता "बॅटरीवर एलईडी लागत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. याच्या उलट, केबल काढून ठेवूनही बॅटरी रात्रभरात उतरत असेल तर ऋण वायर रिंगऐवजी स्लीव्हला लागली आहे.

डबा उघडल्यावर: नुसतं बघणं

सगळं डब्याबाहेर काढा आणि टेबलावर कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवा. बाहेर चालू लागलं तर पुढचं काही करायचं नाही, फक्त स्पर्श कुठे होतोय ते शोधायचं. तीन जागा आधी पाहा. बोर्डाची सोल्डरची बाजू पॉटच्या पत्र्याच्या पाठीला टेकते. मध्ये जाड पुठ्ठा किंवा चिकटपट्टी लावा. जॅकमध्ये पिन घातल्यावर त्याची टिपची पट्टी बाहेर ढकलली जाते आणि डब्याच्या भिंतीला लागते. जॅक थोडा फिरवून बसवा. आणि डीसी जॅक धातूच्या अंगाचा असेल तर अनर्थच: बाहेरचं नळकांडं धन, डबा ग्राउंड, म्हणजे नट आवळला की थेट शॉर्ट. म्हणून पेडलला प्लास्टिकच्या अंगाचा डीसी जॅक लागतो.

एक उलटी गंमतही आहे. काही डायग्राममध्ये ग्राउंडची वायर एकाच जॅकला दिलेली असते आणि दुसऱ्या जॅकचं ग्राउंड डब्यातून होतं. असं पेडल बाहेर काढलं की बंद पडणारच. चाचणीपुरते दोन्ही जॅकचे स्लीव्ह वायरीनं जोडा. हीच वायर पुढे कायम ठेवा असं माझं मत आहे, कारण डब्यावरच्या पावडर कोटिंगमुळे नटखाली नीट स्पर्श होत नाही आणि काही महिन्यांनी खरखर सुरू होते.

मग भिंग घ्या, किंवा मोबाइलनं जवळून फोटो काढून मोठा करून पाहा. पार्ट एकेक करून यादीशी पडताळा. घाईत "सगळं बरोबर आहे" म्हणण्यापेक्षा यादीवर खुणा करा.

रेझिस्टरमध्ये १ के, १० के आणि १०० के यांची अदलाबदल सगळ्यात जास्त. निळ्या अंगाच्या एक टक्का रेझिस्टरवर पाच पट्टे असतात; तपकिरी-काळा-काळा सारखेच, आणि चौथा पट्टा तपकिरी, लाल की नारिंगी यावर सगळं ठरतं. निळ्यावर हे तीन रंग पिवळ्या बल्बखाली ओळखू येत नाहीत. लावायच्या आधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजायची सवय लावून घ्या. लावल्यावर मोजलं तर शेजारच्या पार्टमुळे आकडा कमी दिसू शकतो; जास्त दिसला तर मात्र रेझिस्टर नक्कीच चुकीचा आहे किंवा उघडा पडलाय.

कपॅसिटरवर १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड, १०३ म्हणजे १०, ४७३ म्हणजे ४७. इलेक्ट्रोलिटिकची पांढरी पट्टी ऋण पायाकडे. डायोडची पट्टी चित्रातल्या पट्टीवर. आयसीची खाच चित्रातल्या खाचेकडे.

ट्रान्झिस्टरपाशी थांबा, कारण इथे डायग्राम पाळूनही चूक होते. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७, ५४९ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन ३९०४ आणि २एन ५०८८ चे एमिटर, बेस, कलेक्टर. ट्यूब स्क्रीमर (एक प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडल) जातीच्या सर्किटमध्ये मूळचा २एससी १८१५ असतो, त्याचे एमिटर, कलेक्टर, बेस. किटमधला ट्रान्झिस्टर हरवला म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात तपकीर गल्लीतून दुसरा आणला, दुकानदारानं "हाच चालतो" सांगितलं. तो चालतोही, पण पाय फिरवून लावावा लागतो. पहिल्या दोन जातींमध्ये तो अर्धा फिरवला की झालं. १८१५ च्या जागी दुसरा लावताना पाय एकमेकांवरून न्यावे लागतात, तेव्हा ते एकमेकांना टेकू नयेत म्हणून त्यांवर प्लास्टिकची बारीक नळी घाला.

जोड पाहताना आकार बघा. चांगल्या जोडात सोल्डर पायाला आणि पॅडला बिलगून, देवळाच्या कळसाच्या बुडासारखं आत वळत खाली उतरतं. गोळी होऊन वर बसलेलं, किंवा पायाभोवती बारीक काळी रेघ दिसणारं म्हणजे ड्राय सोल्डर. चमक हा पुरावा धरू नका. लेड-फ्री सोल्डरचा चांगला जोडही मळकट दिसतो. जॅकच्या जाड पट्ट्या उष्णता ओढून घेतात, त्यामुळे ड्राय सोल्डर बोर्डापेक्षा तिथेच जास्त सापडतं. संशयित वायर लाकडी टूथपिकनं हलवा. हलवल्यावर आवाज ये-जा करतो तिथे खूण करा. अजून आयर्न लावायचं नाही.

मीटर हातात घेतल्यावर

पॉवर काढा, मीटर बझरवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या जागी) ठेवा. एक टोक जॅकच्या स्लीव्हवर, दुसऱ्यानं ग्राउंडची प्रत्येक जागा: बोर्डाचं ग्राउंड पॅड, दुसरा जॅक, डीसी जॅकची ऋण पट्टी, स्विचवरचं ग्राउंड, डबा. सगळीकडे बीप यायला हवा. मग उलट तपासणी: धन आणि ग्राउंड यांच्यामध्ये सलग बीप येता कामा नये. क्षणभर वाजून थांबला तर तो कपॅसिटर भरतोय, काळजी नाही. व्हेरो बोर्डावर (तांब्याच्या समांतर पट्ट्यांच्या तयार बोर्डावर) बांधलं असेल तर पट्ट्यांमधल्या खाचांतून ब्लेडचं टोक फिरवा. केसासारखा सोल्डरचा तंतू डोळ्यांना दिसत नाही आणि तोच दोन पट्ट्या जोडतो.

त्यानंतर फूटस्विचला रजा द्या. दोन क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी घ्या. इनपुट जॅकची टिप थेट बोर्डाच्या इनपुट पॅडला, बोर्डाचं आउटपुट पॅड थेट आउटपुट जॅकच्या टिपला. या दोन पॅडवरून स्विचकडे जाणाऱ्या वायरी तेवढ्यापुरत्या सोडवलेल्या असतील तर उत्तम. पॉवर द्या. आवाज आला तर बोर्ड निर्दोष आहे आणि स्विच किंवा त्याचं वायरिंग दोषी. व्होल्टेज मोजण्याच्या आधी मी नेहमी हे करतो, कारण इथे अर्धं पेडल संशयातून बाहेर पडतं.

अशा पेडलच्या फूटस्विचला, म्हणजे थ्री पीडीटी स्विचला, नऊ पट्ट्या असतात, तीन-तीनच्या तीन रांगा. प्रत्येक रांगेतली मधली पट्टी एका दाबाला एका टोकाशी आणि पुढच्या दाबाला दुसऱ्या टोकाशी जोडली जाते. स्विच चौकोनी असल्यामुळे तो पाव वळण फिरवून बसवला तरी भोकात बसतो आणि मग सगळं वायरिंग चुकतं. रांगा कुठल्या दिशेला आहेत ते बझरनंच ठरवा. मधली पट्टी कुठल्याच बाजूला वाजत नसेल किंवा दोन्हीकडे वाजत असेल, तर स्विच उष्णतेनं गेलाय. तो उघडून दुरुस्त करत बसू नका, नवा घ्या. नवा लावताना एका पट्टीला सोल्डर मारल्यावर पुढची लांबची निवडा, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही.

व्होल्टेज

पॉवर द्या, इनपुटला पिन घाला, मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळं टोक ग्राउंडला क्लिपनं अडकवा आणि लाल टोक एकाच हातानं धरा. दोन टोकं सांभाळताना ती घसरून शेजारचे दोन पाय जोडले जातात.

बोर्डाच्या धन पॅडवर ९ च्या आसपास हवं. ०.७ दिसलं तर १एन ४००१ हा संरक्षक डायोड उलटा बसलाय. अ‍ॅडॉप्टर लगेच काढा, तो तापत असणार. उणे ०.७ असेल तर डायोड बरोबर आहे आणि अ‍ॅडॉप्टर उलटा आहे. पॉवरच्या वाटेत डायोड सरळ रेषेत घातलेला असेल तर ८.३ ते ८.७ दिसणं ठीक.

४५५८ किंवा टीएल ०७२ सारखी आठ पायांची दुहेरी ऑप-अँप (एकाच आयसीत दोन अ‍ॅम्प्लिफायर) असेल तर आकडे सोपे आहेत. पाय ८ वर ९, पाय ४ वर शून्य, बाकी सगळ्यांवर साधारण साडेचार. हे साडेचार दोन समान रेझिस्टरनी, बहुधा १० के, ९ चे दोन भाग करून मिळवलेले असतात. तिथे शून्य असेल तर धनाकडच्या रेझिस्टरचा जोड तपासा, किंवा शेजारचा इलेक्ट्रोलिटिक शॉर्ट आहे का बघा. पूर्ण ९ असेल तर ग्राउंडकडचा रेझिस्टर जोडलेला नाही. आउटपुटचा पाय १ किंवा ७ एका टोकाला चिकटलेला असेल आणि इनपुटचे आकडे ठीक असतील, तर आयसी बदलून पाहा. सॉकेटवर लावली असेल तर दोन मिनिटांचं काम.

सिलिकॉन एनपीएन ट्रान्झिस्टरमध्ये (वर सांगितलेले सगळे याच जातीचे) एमिटर बेसपेक्षा साधारण ०.६ नं खाली हवा. आवाज मोठा करणाऱ्या टप्प्यात कलेक्टर कुठेतरी मध्ये हवा. तो ९ ला किंवा शून्याला चिकटला असेल तर ट्रान्झिस्टर काम करत नाहीये. नुसत्या बफरमध्ये (आवाज न वाढवता सिग्नल पुढे देणाऱ्या टप्प्यात) कलेक्टर ९ वर असणंच योग्य, त्याला दोष समजू नका.

इथे स्वस्त मीटरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पिवळ्या डीटी ८३० जातीच्या मीटरचा स्वतःचा रोध १ मेगओहम असतो. ५१० के रेझिस्टरमधून साडेचार व्होल्ट मिळणाऱ्या बेसवर तो टेकवला की मीटरच व्होल्टेज खाली ओढतो आणि आकडा ३ च्या आसपास येतो. चांगला १० मेगओहमचा मीटर तिथे सव्वाचारच्या वर दाखवतो. म्हणून अशा जागी आकडा कमी आला म्हणून पार्ट काढू नका, एमिटर मोजून खात्री करा.

जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम पीएनपी (एनपीएनच्या उलट ध्रुवतेच्या) ट्रान्झिस्टरच्या फझमध्ये, १९६६ च्या फझ फेस या पेडलप्रमाणे, डबा धनाला जोडलेला असतो. तिथे सगळे आकडे उणे येतील आणि तेच बरोबर. असं पेडल इतर पेडल्ससोबत एकाच अ‍ॅडॉप्टरच्या साखळीवर लावू नका, शॉर्ट होईल. त्याला वेगळी बॅटरी द्या.

सिग्नलचा माग

व्होल्टेज ठीक आहे, तरी आवाज नाही. आता ऑडिओ प्रोब. जुनी गिटार केबल मधून कापा, आतल्या तारेला १०४ चा कपॅसिटर जोडा, बाहेरच्या जाळीला क्रोकोडाइल क्लिप. क्लिप ग्राउंडला, केबलची पिन अ‍ॅम्पमध्ये, अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी. कपॅसिटर डीसी अडवतो, म्हणून अ‍ॅम्पला धोका नाही. पेडलच्या इनपुटला मोबाइलवरून हळू आवाजात काहीतरी सतत वाजतं ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

डायग्राम समोर ठेवून कपॅसिटरचं मोकळं टोक इनपुटपासून एकेका पायावर टेकवत पुढे चला. इनपुट पॅड, पहिल्या कपॅसिटरच्या दोन्ही बाजू, ट्रान्झिस्टरचा बेस, मग एमिटर किंवा कलेक्टर. ज्या पायावर आवाज होता आणि पुढच्यावर गेला, त्या दोघांच्या मध्ये बिघाड आहे. पॉट शून्यावर नाहीत ना हे आधी बघा. ग्राउंडला जोडलेल्या पायांवर आवाज नसणारच.

ही पायरी मला सगळ्यात आवडते, कारण सर्किट कसं चालतं ते इथे कानांनी समजतं. डायोडपाशी स्वर कसा फाटतो, टोनचा कपॅसिटर त्यातला कर्कशपणा कसा काढून घेतो, हे ऐकल्यावर डायग्राम वाचता येऊ लागतो.

आता आयर्न

जागा सापडली. २५ वॅटचं आयर्न, ६०/४० किंवा ६३/३७ चं (कथील/शिसं), आत रोझिन फ्लक्स (धातू साफ करणारी राळ) असलेलं बारीक सोल्डर. बिट (आयर्नचं टोक) स्वच्छ करून त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवा. बिट पाय आणि पॅड दोन्हींना एकदम टेकवा, सेकंदभर थांबा, सोल्डर बिटला न लावता जोडाला लावा. सगळं तीन सेकंदांत. थंड होईपर्यंत पार्ट हलू देऊ नका. जुना जोड असेल तर आधी पंपानं सोल्डर ओढून घ्या आणि नवं भरा. नुसतं वितळवलं तर फ्लक्स उरलेला नसतो आणि जोड पुन्हा कोरडाच बसतो. कोकणातल्या किंवा पावसाळ्यातल्या दमट हवेत पडून राहिलेल्या पार्टचे पाय काळवंडतात, ते ब्लेडनं हलके खरवडा. नळकामाचं आम्लयुक्त फ्लक्स अजिबात वापरू नका, ते तांबं खात राहतं. खिडकी उघडी ठेवा, चष्मा घाला, आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवा, सोल्डरमध्ये शिसं आहे.

कुठे थांबायचं

अ‍ॅडॉप्टर तापतो, वास येतो किंवा आत खडखडतो: उघडू नका, टाकून द्या. त्याच्या आत २३० व्होल्ट आहेत. गिटारच्या तारांना हात लावल्यावर किंवा माइकला ओठ टेकल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो अर्थिंगचा किंवा अ‍ॅम्पचा दोष आहे आणि जिवावर बेतू शकतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये प्रोब किंवा मीटर घालू नका. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात.

बोर्डाबाबतही मर्यादा आहे. एकच जोड तीनदा तापवूनही बसत नसेल, दोनपेक्षा जास्त पॅड उखडली असतील, बदललेली आयसी पुन्हा जात असेल, किंवा सर्किट बिनपायांच्या पार्टचं असेल, तर पुढे जाऊ नका. बकेट ब्रिगेड चिपच्या (सिग्नल उशिरा पुढे देणाऱ्या चिपच्या) डिले आणि कोरस पेडलमध्ये ट्रिमर (बोर्डावरचे छोटे पॉट) ऑसिलोस्कोपवर बघून लावावे लागतात. ते कानानं फिरवून बिघडवू नका. अशा कामाला पेडलचा खास जाणकार मिळेलच असं नाही, पण टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे जुने तंत्रज्ञ हे काम उत्तम करतात. त्यांना फक्त डायग्राम हवा असतो. जाताना तो छापून न्या, सोबत पार्टची यादी, तुम्ही प्रत्येक पायावर मोजलेले आकडे, प्रोबचा आवाज कुठे थांबला ती खूण, आणि कुठले पार्ट आधीच बदललेत ते लिहिलेला कागद. पेडल डब्यातून काढून, बॅटरी वेगळी करून द्या.